बिननावाचा मासा

बुधवार, ३० ऑक्टोबर १९८५, घाटकोपर

सहामाहीचे पेपर तपासून झाले, पण तो एक भोपळा डोक्यातून जात नाही.

प्रश्न साधा होता. नामशेष होत चाललेल्या एका प्राण्याचं नाव आणि कारण लिहा. सगळ्या वर्गाने वाघ लिहिला, कारण शिकार. माहुलच्या वैशालीने नावाची जागा कोरी सोडली आणि कारण लिहिलं, ‘आमच्या खाडीतला मासा. पाण्यावर तेल आलं म्हणून.’ नाव नाही, म्हणून मी शून्य दिलं. लाल शाईने, चांगलं मोठं.

आज बाजारात तिची आई मासळी विकत बसली होती. विचारलं, “अगं, पोरीने माशाचं नाव का नाही लिहिलं?”

कोयता बाजूला ठेवून तिने तळहात पसरला. “एवढा असायचा बाई, काळ्या ठिपक्यांचा. सासू माझी नाव घ्यायची त्याचं. सासू गेली, मासा तर तिच्या आधीच गेला. मला नाव काय आठवत नाय. पोरीने तर बघितलाच नाय.”

तो तळहात! ओला, खवले चिकटलेला, रिकामा.

नामशेष म्हणजे ज्याचं नुसतं नाव शेष राहतं, हे वर्गात फोड करून मीच शिकवलं ना? शाबास बाई! वाघाचं नाव तरी राहील.

चुकलेल्या उत्तराशेजारी बरोबर उत्तर लिहून द्यायची माझी पद्धत. शून्य आत्ताच खोडलं. आता त्या कोऱ्या जागेवर पेन धरून बसले आहे.