येतं, पण घंटेच्या आत नाही

प्रिय ताई,

शाळेच्या फाटकाशी तू माझ्या बुटांच्या नाड्या बांधायचीस, आठवतं? मला बांधता यायच्या, पण सिस्टरांची घंटा व्हायच्या आत नाही.

तुझ्या नातीचंही तसंच आहे. तिला सगळं येतं, पण उत्तर ओठांवर येईतो बाई पुढे गेलेल्या असतात, म्हणून पोरगी ढ ठरते. इथे मी अशाच मुलांना शिकवते. आम्ही नुसतं बरोबर-चूक बघत नाही. मिनिटाभरात किती बरोबर आलं ते मोजतो आणि रोज तक्त्यावर त्या आकड्याचा एक ठिपका देतो. माझी एक चिमुरडी आधी मिनिटात चारच चित्रं ओळखायची, आता तीस. परवा मलाच म्हणाली, "आजी, भरभर उलटा ना पानं!"

तेव्हा शाळा म्हणते म्हणून नातीला खालच्या वर्गात बसवू नका. ठिपके चढतील, मी सांगते ना. तू जेवतेस ना वेळेवर?

सोबत पाठवलेल्या पार्सलातलं सेकंदाचं घड्याळ नातीच्याच हातात दे. तक्त्याचे कागद सूनबाईला, स्वेटर तुला. चॉकलेटं भावोजींची, पण नातीची उत्तरं ते स्वतःच देऊन टाकतात, ती सवय सुटेपर्यंत कपाटात ठेव.

तुझीच,
धाकटी