दहा मिनिटांच्या आत विझलेल्या आगी जमेस धरण्याबाबत

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी साहेब,
अग्निशमन केंद्र पुनर्रचना कक्ष,
इंदूर.

विषय : चंद्रावती मिल फाटक येथील अग्निशमन केंद्र राऊ येथे हलविण्यास हरकत, तसेच गेल्या वर्षीच्या ज्या अकरा आगी 'शून्य' म्हणून लिहिल्या गेल्या, त्या परत अकरा करून मिळण्याविषयी.

संदर्भ : आपली जाहीर सूचना, दि. ५ फेब्रुवारी १९९६ (मिल फाटकावर चिकटवलेली प्रत. खालचा डावा कोपरा बकरीने खाल्ला आहे, तारीख शाबूत आहे).

महोदय,

आपण नागरिकांच्या हरकती मागवल्या आणि त्या 'अपनी भाषा में' द्याव्यात असंही छापलं, त्याबद्दल वस्तीतर्फे आभार. आमची भाषा मराठी आहे. तिच्यात हिंदी किती आहे हे आम्ही कधी मोजलेलं नाही. जिथे ती शिरेल तिथे कृपया शिरू द्यावी. मुदत उद्या संध्याकाळी पाचला संपते. त्यामुळे हा अर्ज मी बराचसा उभ्यानेच लिहिला आहे, अक्षराकडे कानाडोळा व्हावा.

१. मी धनेश बाळकृष्ण पळशीकर, वय बावीस, चंद्रावती मिलच्या क्वार्टर्समध्ये जन्मापासून राहतो. वडील मिलच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते. मिल बंद पडून चार वर्षं झाली, आता ते घरातल्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहून ठेवतात. क्वार्टर्सची घरं एकूण २१२. फाटकापाशी आपलं केंद्र आहे. एक बंब, एक पत्र्याची शेड आणि ड्रायव्हर शामजी. माझ्या दारापासून चारशे दहा पावलं.

आपल्या सूचनेप्रमाणे हे केंद्र १ एप्रिलपासून राऊला जाणार. तारीख वाचून वस्तीतले बरेच जण आधी हसले. मग खाली गोल शिक्का दिसला. कारण असं दिलं आहे की, सदर वस्तीत गतवर्षी आगीची एकही घटना घडलेली नाही, आणि राऊकडे नवीन कॉलन्या, कॉलेजं व विदेशी भागीदारीचा बिस्किट कारखाना येत आहे. बिस्किट कारखान्याशी आमचं काही वैर नाही. पण तो अजून बांधायचा आहे. त्याला आग लागायलासुद्धा वेळ लागेल. आमची सगळी तयारी झालेली आहे.

२. आता शून्य हा आकडा कसा आला ते सांगणं माझं कर्तव्य आहे, कारण त्यात माझाही हात आहे.

जानेवारीत आपल्या कक्षाच्या एक सर्वेवाल्या मॅडम फॉर्म घेऊन आल्या. प्रश्न होता, 'गेल्या वर्षभरात इथे किती आगी लागल्या?' पहिल्याच घरात त्यांना सांगण्यात आलं, "आगीचं ना? मग सीधे कृष्णरावांकडे जा." दुसऱ्या घरातही तेच सांगितलं. तेव्हा मॅडम २१२ घरांऐवजी एकाच ओट्यावर जाऊन बसल्या.

कृष्णराव मोहिते हे मिलचे फायर जमादार. त्यांचे आजोबा होळकरांच्या फौजेत होते आणि कृष्णराव अजून त्याच पद्धतीने उभे राहतात. बत्तीस वर्षं ते आणि त्यांची टोळी ब्लो रूमला राखण होती. ब्लो रूम म्हणजे कापूस पिंजून मोकळा करण्याचं खातं. कापसात एखादा खिळा आला की ठिणगी उडे, आणि हे आठवड्यातून दोनदा तरी होई. म्हणून मिलमध्ये एक रिवाज होता. दहा मिनिटांच्या आत विझली तर ती आग नाही. तिला 'भडका' म्हणायचं, आणि भडका कुठल्याही रजिस्टरात चढत नसे, कारण चढला की मॅनेजरला वर जबाब द्यावा लागे. कृष्णरावांच्या बत्तीस वर्षांत रजिस्टर कोरं राहिलं. मिलच्या शेवटच्या दिवशी ते कोरं रजिस्टर त्यांनी मागून घेतलं. ते त्यांच्याकडे देवघरात आहे.

मिल बंद झाली, पण टोळी बंद झाली नाही. वस्तीत कुठे धूर दिसला की हे चार म्हातारे वाळूच्या बादल्या घेऊन पळतात. बादल्या मिलच्याच आहेत, लाल, बुडाला गोल. गोल अशासाठी की त्या जमिनीवर उभ्या राहत नाहीत, त्यामुळे कोणी पाणी भरायला घरी नेत नाही. तुमचा बंब बोलवा म्हटलं की कृष्णराव म्हणतात, "अरे, घरातलं भांडण मिटवायला शेजाऱ्याला बोलावतात का?"

तर मॅडमनी विचारलं. कृष्णरावांनी मान ताठ करून सांगितलं, "आग? नाही मॅडम. माझ्या इलाख्यात आग लागतच नाही. बत्तीस साल झाले." मॅडमनी लिहिलं, शून्य.

मी शेजारी उभा होतो. मला अकरा आगी माहीत होत्या. त्यातल्या तीन तर आमच्या लाइनीत लागल्या. पण मला गप्प बसता येत नाही, हा माझा जुना आजार आहे. मी म्हणालो, "लिहा मॅडम, इथे तर काडीसुद्धा तीन वेळा ओढल्याशिवाय पेटत नाही." सगळे हसले, मॅडमही हसल्या. आपल्या अहवालाच्या पान सहावर हे छापलेलं आहे: 'स्थानिक युवकांच्या म्हणण्यानुसार सदर परिसरात ज्वलनाची प्रवृत्ती अत्यल्प.' महोदय, तो स्थानिक युवक मी आहे. ते वाक्य मी या अर्जाद्वारे परत घेतो.

३. अकरा आगींची यादी सोबत जोडली आहे. सगळ्या इथे सांगत नाही, एकच सांगतो. मे महिन्यात मिलच्या बंद गोदामातून धूर येऊ लागला. आत टाकाऊ कापसाचे गठ्ठे आहेत. गोदामाला कोर्टाचं सील आहे, आणि सील तोडणं हा गुन्हा आहे. म्हणजे आग कायद्याने सुरक्षित होती. कृष्णरावांनी सीलला हात न लावता शिडी लावली आणि वरच्या झरोक्यातून बासष्ट बादल्या आत ओतवल्या. नऊ मिनिटं. खाली उतरले तेव्हा त्यांना वीस मिनिटं बोलता येत नव्हतं. मग म्हणाले, "भडका होता." आणि खोकत घरी गेले.

४. आता दि. १३ फेब्रुवारी, सकाळी दहा. हा परिच्छेद कृपया कुणी घाईत चाळू नये.

लीलाकाकूंच्या घरी स्टोव्हचा भपका पडद्याला लागला. छताला जुन्या फळ्या आहेत, त्यांनी लगेच पेट घेतला. काकू बाहेर होत्या, ओरडत होत्या, "अहो, रॉकेलचा डबा आतच आहे हो!" टोळी आली. कृष्णराव ओलं पोतं डोक्यावर घेऊन आत गेले. डबा त्यांनी खिडकीतून बाहेर फेकला, ते आम्ही पाहिलं. मग ते स्वतः बाहेर येईनात.

फोन करायला मी पीसीओकडे धावलो. पीसीओवाला दुकानाला कुलूप लावून आग पाहायला आला होता आणि गर्दीत माझ्याच मागे उभा होता. किल्ली कुठल्या खिशात आहे हे त्याला आठवेना.

तेवढ्यात बंब आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. शामजी शेडपाशी चहा पीत होते, त्यांना धूर दिसला, त्यांनी गाडी काढली. चार मिनिटांत ते घरात शिरले आणि कृष्णरावांना खांद्यावर टाकून बाहेर आले. आग विझायला अठरा मिनिटं लागली. मिलच्या रिवाजानेसुद्धा ही आग आहे.

परंतु आपल्या कार्यालयाच्या रिवाजाने ती नाही. फोन आला नाही, म्हणून कॉल नाही. कॉल नाही, म्हणून आग नाही. उलट शामजींना मेमो मिळाला आहे, 'विनाकॉल वाहन बाहेर काढून इंधनाचा अपव्यय.' त्यांनी तो मला दाखवला. म्हणाले, "भिया, धुआँ दिख रहा था, तो क्या बैठके फोन की घंटी सुनता?" मेमोत उत्तराला जागा एका ओळीची आहे. हे वाक्य तेवढ्या जागेत बसतं, पण हिंदीत लिहावं की इंग्रजीत, या विचारात ते पाच दिवस आहेत.

५. कृष्णराव चार दिवस हॉस्पिटलात होते. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं की छातीत बत्तीस वर्षांचा कापूस आहे आणि त्यावर आता हा धूर. पुन्हा एकदा असं आत गेले तर बाहेर आणलेला माणूस आमच्या उपयोगाचा नसेल, असं ते म्हणाले. हे ऐकून घ्यायला मी होतो, कृष्णराव झोपले होते. पण ते ऐकण्यातले नाहीत. खाटेवर पडलेत, आणि शेजारी कुणाची फोडणी जरा करपली की उठून पाय खाली सोडतात. त्यांची सून वसुधावहिनी आता जिऱ्याशिवाय स्वयंपाक करते. तिने मला स्पष्ट सांगितलं, "धनेश, बंब इथे राहिला तर हे 'शाम येईल' म्हणून बसतील. बंब गेला की हे जातील. तू काय ते लिही." म्हणून मी लिहितो आहे.

६. सूचनेत म्हटलं आहे की राऊहून बंब चौदा मिनिटांत पोहोचेल. माझा आपल्यावर विश्वास आहे, तरीही परवा मी आणि माझा मित्र नंदू त्याच्या लूनावर राऊहून निघालो. सायरन नव्हता, म्हणून मागे बसून मी तोंडाने वाजवत होतो. रेल्वे फाटक बंद होतं, नऊ मिनिटं. बडा गणपतीपाशी बारात होती. मी ओरडलो, "आग लागली आहे, रस्ता द्या!" बारातीतला एक जण म्हणाला, "कहाँ लगी है भिया? दो ठुमके मारो, फिर जाओ." आम्ही मारले. दोनचे सहा झाले, कारण नवऱ्याच्या मामाला नंदूचा नाच आवडला. एकूण वेळ एकेचाळीस मिनिटं. बंब लूनापेक्षा वेगाने येईल हे मान्य. पण बंबाला ठुमके मारता येत नाहीत, तेव्हा बारातीत तो आमच्यापेक्षा जास्त वेळ अडकेल.

७. हरकतींवरची सुनावणी दि. २६ रोजी 'नागरिकांच्या सोयीसाठी' राऊ येथेच ठेवली आहे. आम्ही येऊ. टोळीतले तिघे येतील. कृष्णराव येतो म्हणतात, त्यांना खोटी तारीख सांगितली आहे.

८. त्यांचा लेखी जबाब मात्र सोबत आहे. तो मिळवायला मला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "बत्तीस सालाचं कोरं रजिस्टर आहे, धन्या. आता म्हातारपणी त्याच्यावर शाई पाडू?" दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून झोपले. तिसऱ्या दिवशी शामजी मेमो घेऊन त्यांच्या उशाशी बसले होते. कृष्णरावांनी तो दोनदा वाचला. मग देवघरातून रजिस्टर आणायला लावलं आणि पहिल्या पानावर डाव्या हाताने, उजवा भाजल्यामुळे बांधलेला आहे म्हणून, लिहिलं: 'ता. १३. आग. मी विझवू शकलो नाही. शाम ड्रायव्हरने विझवली. कृ. मोहिते.' ते पान त्यांनी स्वतः फाडून मला दिलं. महोदय, हे पान हरवू नये. दुसरं ते लिहिणार नाहीत.

९. तरी विनंती अशी की, केंद्र हलवू नये. अकरा भडके आणि एक आग मिळून बारा आकडा धरावा. आणि शामजींचा मेमो मागे घ्यावा. तिन्ही होत नसेल तर पहिलं करावं. शामजींनी मला तसं सांगितलं आहे.

१०. शेवटचं. सूचनेच्या तळाशी एक ओळ आहे, 'पर्यायी स्थानिक व्यवस्था उपलब्ध.' आपण ती कुणाला पाहून लिहिली मला माहीत नाही. टोळीत आता तीन जण उरले आहेत, वयं अठ्ठावन्न, चौसष्ट आणि सदुसष्ट. शिडी चढू शकेल असं कोणी नाही. म्हणून गेल्या रविवारी कृष्णरावांनी मला खाटेपाशी बोलावलं आणि धूर दिसला की टोळीला बोलावण्याची त्यांची शिट्टी माझ्या हातात दिली. मी काहीतरी विनोद करणार होतो, तो आठवेना. सोमवारी मी मैदानात जुनी वर्तमानपत्रं पेटवून सराव केला. ती विझायला सतरा मिनिटं लागली आणि शेवटी लीलाकाकूंनीच येऊन विझवली.

म्हणजे १ एप्रिलपासून पर्यायी स्थानिक व्यवस्था मी आहे. आपण मला पाहिलेलं नाही. २१२ घरं आहेत, एक सीलबंद कापसाचं गोदाम आहे, आणि खाटेवर एक माणूस आहे जो माझी शिट्टी वाजली की उठणार आहे. मला भीती वाटते, साहेब. हे वाक्य अर्जात शोभत नाही हे मला ठाऊक आहे. पण खोडायला गेलो तर कागद फाटेल, आणि दुसऱ्यांदा लिहिण्याइतका वेळ उरलेला नाही.

आपला, नम्र आणि सध्या शिट्टी खिशात घेऊन फिरणारा,

धनेश बाळकृष्ण पळशीकर
क्वार्टर नं. ८७, चंद्रावती मिल क्वार्टर्स, इंदूर
दि. २१ फेब्रुवारी १९९६

सोबत :
१. अकरा आगींची यादी, मिनिटांसह (वेळा वडिलांनी लिहून ठेवल्या होत्या).
२. कृष्णराव मोहिते यांचा जबाब, रजिस्टरचं मूळ पान.
३. वस्तीतल्या १९८ घरांच्या सह्या. उरलेली चौदा घरं बंद आहेत, ती मंडळी काम शोधायला पीथमपूरला गेली आहेत.