गोगलगाईचे डोळे

७ फेब्रुवारी
संपादकबाईंचा फोन. पान नऊवरच्या चित्रातल्या गोगलगाईचा एक डोळा आभाळात, दुसरा गवतात. मुद्दाम केलंय का, विचारत होत्या. हो म्हणाले. मुद्दाम! मग भिंग घेऊन पाहिलं — मला दोन्ही सरळच दिसले.

८ फेब्रुवारी
चष्म्याचा नंबर वाढला असणार. दुसरं काय.

१५ फेब्रुवारी
इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टींना चित्रं काढली. नाव शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. ही गोष्ट माझी. शब्द माझे, चित्रं माझी, नाव मुखपृष्ठावर.
आणि आज ब्रश चहात बुडवला. लेक हसली, मीही हसले. पण पाण्याची वाटी अगदी समोर होती. तिच्याकडे बघितलं की ती नाहीशी व्हायची, नजर बाजूला नेली की परत यायची.

२ मार्च
डोळ्यांचे डॉक्टर फार हळू बोलायला लागले. नजरेचा मधला भाग जातोय. कडा राहतील. औषध नाही. घरात आणखी कुणाला होतं का? बाबा शेवटी शेवटी चेहरे ओळखायचे नाहीत, आम्ही म्हातारपण म्हणून सोडून दिलं. ते सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मुलीला लवकर तपासून घ्या."
घरी आले तर लेक गुणगुणत कपड्यांच्या घड्या घालत होती. मीही घड्या घालायला बसले.

३ मार्च
सांगितलं नाही.

१९ मार्च
थोडीच पानं उरलीत. मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं रंगवते. डोळ्यांत तेल घालून काम करावं म्हणतात — कुठल्या डोळ्यांत?
लेक हल्ली शेजारी येऊन बसते. न सांगता रंगांच्या ट्यूब ओळीनं लावून देते. तिला नुकतंच नकाशे काढायचं काम लागलंय. सगळा खेळ नजरेचा. आधी तिचा जम बसू दे, मग पुस्तक संपू दे... रोज नवं निमित्त. आई आहे की वैरीण मी?

६ एप्रिल
शेवटचं पान पोचवलं. संपादकबाई खूश. येताना जिन्याचा कठडा धरून उतरले. आता निमित्त उरलं नाही. उद्या.

७ एप्रिल
सांगितलं. ती बराच वेळ टेबल पुसत राहिली. मग म्हणाली, "माझ्या डोळ्यांचं गेल्या वर्षीच कळलं, आई. म्हटलं, तुझं पुस्तक होऊ दे, मग सांगू."