सगुणाबाईंच्या ओटीत गेलेला स्कार्फ

सिडको, नाशिक
२२ जानेवारी १९८४

तीर्थस्वरूप सुलामावशीस,

कुंदाचा नमस्कार. तुमच्या कॅनडात गुडघाभर बर्फ असल्याचं कळलं. आमच्याकडे फक्त आईचे गुडघे दुखतात, बाकी ठीक.

तुझा रेशमी स्कार्फ पोचला. तुझ्याबरोबर वॉर्डात काम करणाऱ्या नर्सबाई तिकडच्या मूळच्या अनिशिनाबे लोकांपैकी आहेत आणि स्वतःच्या आजीच्या मणीकामातली फुलं घेऊन त्यांनी तो रेखाटला, हे वाचून मी तो ड्रॉइंग बोर्डवर पसरून पाहिला. (कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. साहेब नव्हते.) काळ्या रेशमावर एकाच देठातून दोन्हीकडे फुटलेली फुलं, पानं, लाल स्ट्रॉबेरी, आणि कडेने मण्यांसारखे ठिपके. दोन्ही बाजू सारख्या वाटतात, पण उजवीकडे एक पान जास्त आहे. माझ्या आराखड्यात असं झालं असतं तर कागद परत आला असता. इथे ते पान काढावंसं वाटलं नाही. लूनावरून सातपूरला जाताना हा डोक्याला बांधायचा, असं मी ठरवलं.

आईने वेगळं ठरवलं. न शिवलेलं, चौकोनी, फुलाफुलांचं रेशीम म्हणजे ब्लाऊजपीस. बहीण परदेशी गेली म्हणून दुसरं काय पाठवेल? तिने तो ब्लाऊजपिसांच्या ट्रंकेत ठेवला, आणि सटाण्याचे पाहुणे मला बघायला आले तेव्हा नारळ-तांदळाबरोबर मुलाच्या आईच्या, सगुणाबाईंच्या ओटीत घातला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात. सगुणाबाईंनी कापड उलगडून दंडाला लावलं. "बाई, याच्यात माझी एक बाही तरी निघल का?" (दंड पाहता शंका रास्त होती.) मी तिकडेच पाहत राहिले. मुलीची नजर फार स्थिर आहे, असं त्यांनी नंतर मध्यस्थांना कळवलं.

ओटीत घातलेलं परत मागता येत नाही. ठरलेलं लग्न मोडलं तर लोक समजून घेतात. ब्लाऊजपीस परत मागितला तर नाही. पण आपल्याकडचा ब्लाऊजपीस शिवण्यासाठी नसतो, फिरण्यासाठी असतो. (आईने वणीच्या जावेला दिलेला जांभळा फिरून आमच्याच ट्रंकेत आला आहे.) म्हणून मी मध्यस्थांना नकार न देता 'विचार करते' असं सांगितलं. नकारानंतर सटाण्याचा ब्लाऊजपीस आमच्याकडे येण्याचा मार्गच उरला नसता. कारण एवढंच. लग्नात मला रस नाही, नोकरी बरी चालली आहे.

तुझी,
कुंदा

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, तेवढ्यात गेल्या रविवारी तो मुलगा, रंगनाथ, एकटाच आला. त्यांची कांद्याची आडत आहे. खिशातून स्कार्फ काढून म्हणाला, "आई उद्या हळदीकुंकवाला कुणाला तरी देऊन टाकणार होती. तुम्ही त्या दिवशी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, याच्याकडंच पाहत होता." मग घडी उलगडून, "इकडं एक पान जादा हे. चुकलं, का मुद्दाम हे?" मी म्हटलं, मुद्दाम असावं. "मलाबी तसंच वाटलं," म्हणाला, आणि चहा न घेता गेला. दुसऱ्यांदा बोलवावं लागलं.

ता. क. २. लग्न वैशाखात आहे. वर 'रस नाही' लिहिलं आहे ते तसंच ठेवते. शाईतलं खोडायची मला सवय नाही.

ता. क. ३. त्याने तो स्कार्फ आईच्या ट्रंकेतून न विचारता आणला होता. सगुणाबाई अजून शोधताहेत, आणि संशय धाकट्या जावेवर आहे. तरी तसाच आणखी एक विमानाने पाठव, म्हणजे रंगनाथ तो गुपचूप परत ठेवील. शक्य असल्यास मोठा. दोन्ही बाह्या निघाल्या पाहिजेत.