माशांची चार फुटी पेटी

॥ श्री ॥
उधना, सुरत
२४ ऑक्टोबर १९९६

ति. सौ. अक्कास,
सुवर्णाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळी खुशाल, तिकडेही असालच. आता खाली बसून वाच, उभ्यानं नको. आपल्या पल्लवीला स्थळ आलंय! मुलगा दीपक, हजिऱ्याला कंपनीत कायम झालाय. आईवडील अमळनेरला, म्हणजे तुझ्या पारोळ्याच्या शेजारीच. दिवाळी झाली की मंडळी बघायला येणार.

मुलाला नाद एकच, मासे पाळायचा. आपल्याकडे पल्लूचं ते काचेचं मडकं, त्यात दोन सोनेरी मासे गरगर फिरतात. मी ह्यांना म्हटलं, बैठकीत मोठी पेटी हवी. हे लूमच्या खात्यातून दमून आलेले, म्हणाले, लग्न माणसांचं आहे की माशांचं? तरी रविवारी दुकानात घेऊन गेलेच. दुकानदार म्हणाला, बेन, लहान पेटीत पाणी लवकर बिघडतं, मोठीत मासा टिकतो. मग चार फुटी घेतली. भरल्यावर जागची हलायची नाही एवढं वजन, म्हणून ह्यांनी खात्यातल्या वेल्डरकडून लोखंडी घोडी करून घेतली, तिच्यावर थर्माकोल, मग काच. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते उडून जावं म्हणून सध्या नुसती भरून ठेवलीय. मासे नंतर, तेही थोडे थोडे. शेजारणी विचारतात, काय गं, पाणीच पाळलंयस का?

आपल्यात मुलीकडच्यांनी होकार तोंडानं विचारायचा नसतो, मध्ये माणूस लागतो. तेव्हा दाजींनीच अमळनेरला जाऊन निरोप आणावा. आई गेल्यावर माझं तूच जमवलंस, हिचंही तूच जमव. योगिताला आशीर्वाद.

लोभ आहे, तो असाच काठोकाठ राहू दे.
तुझी
सुवर्णा


पारोळा
२ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. सुवर्णास,
अ. उ. आ.

माय वं! जावयासाठी घरात समुद्रच आणलास की! तुझं पत्र वाचून आम्ही मायलेकी हसून हसून बेजार.

हे अमळनेरला जातील, तू निश्चिंत राहा. पण मला सगळं बारीकसारीक लिही. मुलाला कोणते मासे आवडतात, त्याची आई कशानं खूश होते, बोलण्यात काय काय आलं. बोलणी करायला जाणाऱ्याला माहिती नको का? आमच्या योगिताचं म्हणशील तर दोन वर्षं बघायचंच नाही असं ह्यांनी ठरवलंय. आधी पल्लू उजवू.

सर्वांना आशीर्वाद. जीव आहे तुझ्यावर, हे काय लिहायला हवं?
तुझी अक्का
(उषाबाई)


उधना
१८ नोव्हेंबर १९९६

ति. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मंडळी येऊन गेली! अगं, मुलगा चहा सोडून पेटीपाशीच. काळ्या पट्ट्यांचे एंजल त्याचे लाडके, ते आपल्याकडे आहेत बघून चेहराच खुलला. मोटर घरघर करत होती तर बाही वर करून पाण्यात हात घातला आणि नीट बसवून दिली. मग पल्लूला कितीतरी वेळ समजावत होता. खाणं किती घालायचं, पाणी कसं बदलायचं. एरवी तोंड उघडत नाही ती, पण त्याला उलटे प्रश्न विचारत होती! मुलाच्या आईला खापरावरचे मांडे फार आवडतात, सुरतेत मिळत नाहीत म्हणून हळहळल्या.

रात्री पल्लूनं मला मागून मिठी मारली आणि म्हणाली, आई, मला चालेल. अक्का, माझे डोळेच भरून आले गं. आता पेटीला कुणाला हात लावू देत नाही, खाणंसुद्धा मोजून तीच घालते.

पत्रिका सोबत ठेवलीय. दाजींना म्हणावं उशीर नको. तुमच्याच भरवशावर आहोत.

माया तुझीच, आम्ही फक्त धनी.
सुवर्णा


पारोळा
७ डिसेंबर १९९६

चि. सौ. सुवर्णास,
अ. उ. आ.

लिहायला हात धजत नाही. हे अमळनेरला जाऊन आले. पत्रिका जुळत नाही असं ते म्हणतात. शिवाय मुलाच्या मनात यंदा लग्नच नाही. मनाला लावून घेऊ नको. पल्लूला याहून चांगलं मिळेल. तुम्ही मात्र त्यांना पत्र वगैरे पाठवू नका, मुलीकडच्यांनी मागे लागलेलं बरं दिसत नाही.

आशीर्वाद आहेतच.
अक्का


पारोळा
१७ जानेवारी १९९७

ति. सौ. सुवर्णाताईस,
धाकटा भाऊ हेमराजचा सा. न. वि. वि.

तिळगूळ घ्या, गोड बोला. पत्र घाईत लिहितोय. अक्कानं बैठकीत माशांची मोठी पेटी आणलीय, थेट जळगावहून. सगळी गल्ली बघायला लोटते. पण बाईसाहेबांनी सकाळी नळानं भरली नि दुपारी पिशवीभर एंजल एकदम ओतले. आता रोज उठून दोन-तीन उलटे तरंगतात. पाणी पांढरं झालंय. अक्का रडकुंडीला आलीय, कारण सव्वीस तारखेच्या रविवारीच योगिताचा साखरपुडा नि नवऱ्या मुलाला माशांचा भारी शौक! मांडेवाली बाईसुद्धा सांगून ठेवलीय.

उपाय काय, ते उलट टपाली कळव. अक्का म्हणाली, सुवर्णाला विचार पण माझं नाव काढू नको. आता तुझ्याशी कसली आलीय लपवाछपवी! दीपकराव तुमच्या सुरतचेच, तेव्हा तुम्ही सगळे येणारच. भेटीत बोलू.

भावावरची माया तिळागुळासकट पाठव.
हेमराज


उधना
२१ जानेवारी १९९७

सौ. उषाबाईंस,
नमस्कार.

हेमराजचं पत्र मिळालं. त्याला बोलू नको, तो भोळा आहे.

काळ्या पट्ट्यांचे एंजल. खापरावरचे मांडे. मीच लिहून कळवलं ना सगळं? तू विचारत गेलीस, नि मला वाटलं माझ्या लेकीसाठी विचारतेस. माझ्या पल्लूची पत्रिका तिथवर पोचली तरी का गं? पत्र पाठवू नका म्हणालीस. आम्ही गप्प बसलो, आपली रीत म्हणून. रीत फक्त आम्हालाच होती.

सरळ लिहिलं असतंस, सुवर्णा, मुलगा आम्हालाही पसंत आहे, तर मी भांडले असते, चार दिवस जेवले नसते, आणि मग तुझ्याच घरी पापड लाटायला आले असते. आईच्या जागी मानलं तुला. तूच केसानं गळा कापलास. पोर महिनाभर विचारतेय, माझं काय चुकलं? तिला मी काय सांगू? तुझ्या मावशीचं चुकलं म्हणून सांगू?

साखरपुड्याला आम्ही नाही. लग्नालाही नाही. मासे मरताहेत तर मरू देत, माझ्याकडून एक अक्षर उपाय मिळणार नाही.

लोभ होता.
सुवर्णा

ता. क. मावशी, आई पाकीट आणायला गेलीय म्हणून मीच लिहिते. पेटीतलं सगळं पाणी एकदम काढू नकोस. रोज थोडं काढ, आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलंच घाल. वाचलेल्यांतले निम्मे मासे दुसरीकडे काढ. आणि दोन दिवस खायला काहीच घालू नकोस. नवीन माणसं कौतुकानं फार घालतात, मासे त्यानंच मरतात, असं त्यांनी मला सांगितलं होतं. योगिताला हे माझ्याकडून कळलं असं सांगू नकोस.

आमचे सगळे जिवंत आहेत.
पल्लवी