फ्रँकफर्ट म्हणजे पोचणं नव्हे

प्रिय आई,

काल तुमचं तेरावं झालं. आज सकाळी प्रशांत भाऊजी सॅन फ्रान्सिस्कोला परत निघाले, पाहुणेही पांगले. संध्याकाळ झाली तरी मी केर काढलेला नाही. पायाखाली तांदूळ, बडीशेप, काय काय कचकचतंय. तुमच्या सुनेला आता तरी दोन शब्द बोलू द्याल ना?

कमाल होती हो तुमची! घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही. मैसूरला जाणाऱ्यासाठी ठीक आहे. पण चौदा हजार किलोमीटर? धाकटा लेक उडाला की अख्खा दिवस माझ्या घराचा उकिरडा! एकदा भाऊजी फ्रँकफर्टला उतरल्यावर मी झाडू उचलला, तर केवढ्यांदा ओरडलात, "स्वल्प थांब गं! फ्रँकफर्ट म्हणजे काय पोचणं झालं? पोरगं अजून अधांतरी आहे."

मग सतरा तासांचं थेट विमान सुरू झालं. माझा मुलगा आता जवळ राहायला आलाय, असं तुम्ही आपल्या साऱ्या येलहंक्याला, दारोदार सांगत सुटलात.

जवळ! तुम्ही गेलात त्या दिवशी त्या विमानात एक जागा मिळाली नाही, आई. भाऊजी फ्रँकफर्टवरून निघाले. "उद्या संध्याकाळपर्यंत येतो, थांबा," म्हणून फोनवर रडत होते. ह्यांना काही सुचेना. "तूच सांग," म्हणाले. मी सांगितलं, थांबायचं नाही.

समोरच्या अक्का गेल्या तेव्हा त्यांना अमेरिकेतल्या मुलासाठी बर्फाच्या पेटीत ठेवलं होतं. ते बघून आल्यावर तुम्ही माझा हात घट्ट धरलात. "मला असं ठेवू नकोस गं, मला थंडी सोसत नाही." पण हे माझ्याच कानात का सांगितलंत? पोटच्या पोरांना सांगायला काय झालं होतं?

वाईट मी झाले. भाऊजी आले तेव्हा तुमची खाट रिकामी होती. मी सगळं सांगितलं, त्यांना पटलं नाही. इतके दिवस घरात होते, पण माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पान वाढलं की मान खाली. वीस माणसांच्या पोळ्यांचं काही नाही हो, त्या खाली घातलेल्या मानेनं दमवलं मला. हे घर त्यांना परकं झालं तर त्याला कारण मी, हेच डोक्यात फिरत होतं.

आत्ता फोन वाजला. फ्रँकफर्टहून. "वहिनी," म्हणाले. मग हळूच विचारलं, "आईनं शेवटी माझं नाव घेतलं का?" मी तोंड उघडते तोच मागे त्यांच्या विमानाची घोषणा सुरू झाली. "पोचलो की करतो," म्हणाले आणि ठेवला.

आता काय सांगू? तुम्ही कुणाचंच नाव घेतलं नाहीत. चहात साखर कमी म्हणून माझ्यावर चिडलात, कप बाजूला सारलात आणि मान टाकलीत. इतकंच. त्या वेळी मीच तेवढी जवळ होते, म्हणून दुसऱ्या कुणाला ठाऊकही नाही.

एरवी माझ्या तोंडून खोटं निघत नाही, तुम्ही हसायचात त्यावरून. पण उद्या फोन आला की मी म्हणेन, "हो भाऊजी, घेतलं. तुमचंच घेतलं." ह्यांनासुद्धा कधी खरं सांगणार नाही. वचन देते, आई.

तुमची,
वैशाली