हातमोजे घालून घुंगट ओढता येत नाही

भिवानी, सोमवार दुपार

तीर्थस्वरूप सरबती वन्सं यांना धाकट्या भावजयीचा, बिरमतीचा, पाय चेपून नमस्कार. (पत्रातून चेपता येत नाहीत, हिसारला आले की दोन्ही धरून बसेन.) तुमचे गुडघे कसे आहेत? नवी म्हैस दूध देते का, की अजून लाथाच झाडते? इकडे आम्ही सगळे मजेत, म्हणजे मी सोडून. फोनच करणार होते, पण मी फोनवर बोललेलं अंगणापलीकडे बैठकीत बसलेल्या थोरल्या भावजींना शब्दन् शब्द ऐकू जातं, आणि तक्रार त्यांचीच आहे. तेव्हा लिहिते.

माझी साखर तीनशेवर गेली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या घ्याच, पण तीन महिने अंग हलवा, नाहीतर रोज सुई टोचून घ्यावी लागेल. याच साखरेमुळे आईंचा पाय कापावा लागला त्या दिवशी तुम्ही आणि मी दवाखान्याच्या जिन्यात बसलो होतो, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मला भीती वाटते, वन्सं, सरळ सांगते. म्हणून सकाळी चालायला लागले. पण आपल्या गल्लीत बाईमाणसाला नुसतं चालू देतात का? पहिल्या घरी ओमवती 'कुठं निघालीस गं' म्हणून धरते, दुसऱ्या घरी लस्सी, तिसऱ्या घरी नातू झाला म्हणून लाडू. (त्या घरी वर्षातून तीनदा नातू कसे होतात, देव जाणे.) दहा दिवसांत माझं वजन दीड किलोने वाढलं.

मग सुट्टीत मंजीत आली. तुमची भाची खेळाच्या वसतिगृहात राहून आता बॉक्सिंगशिवाय दुसरं बोलतच नाही. म्हणाली, "आई, चालणं सोड, ठोसे मार." भिवानीत एक वेळ केरसुणी नसलेलं घर सापडेल, ठोसे मारायची बॅग नसलेली गल्ली सापडायची नाही. पोरीने जुने खेस, जाड चादरी आणि चिंध्या ठासून बॅग भरली, अंगणातल्या कडुनिंबाला टांगली आणि मला शिकवलं: डावा पाय पुढे, आधी डावा हात, मग उजवा, ठोशाबरोबर श्वास बाहेर. दहा मिनिटांत माझे हात गळून पडले, पण काय सांगू, मन पिसासारखं हलकं झालं! अठ्ठावीस वर्षांत ज्याला ज्याला उलट बोलायचं राहून गेलं, त्या सगळ्यांची तोंडं मला त्या बॅगवर दिसली. (तुमचं नव्हतं.) मंजीत परत गेली आणि माझे हाल सुरू झाले.

थोरल्या भावजींना बैठकीतून म्हशीच्या गोठ्याकडे जायचं तर अंगणातूनच जावं लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मांगेराम भावजी दारात खोकतात, मी घुंगट ओढते, ते जातात. लग्न झाल्यापासून हे असंच चालत आलंय. पण हातात मंजीतचे ते भोपळ्याएवढे हातमोजे असताना घुंगट ओढायचा कशाने? पहिल्या दिवशी ते खोकले तेव्हा मला काही सुचेना, मी बॅगलाच मिठी मारून तिच्याआड तोंड लपवलं. भावजी नेमके त्याच दिवशी म्हशीचं शिंग न् शिंग, खूर न् खूर तपासत पाव तास उभे. बॅग गोल फिरायला लागली, तिच्याबरोबर मीही.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला आणि आधीच घुंगट ओढून ठोसे मारायला लागले. पहिला ठोसा हवेत गेला. दुसरा बॅगला लागला, पण ती परत येताना मला दिसली नाही, आणि मी जाऊन पडले थेट गोवऱ्यांच्या ढिगात. तिसऱ्या दिवशी खोकला ऐकला आणि दातांनी ओढणी पुढे ओढायला गेले, तर मोज्याची चिकटपट्टी ओढणीत अशी अडकली की माझी मूठ माझ्याच डोक्याला चिकटून बसली. ओमवतीने येऊन सोडवलं. "अगं, लोक दुसऱ्याला मारतात, तू स्वतःलाच?" म्हणाली, आणि तासाभरात सगळ्या गल्लीत बोभाटा करून आली.

यांना म्हटलं, भावाशी बोला, सकाळी अर्धा तास बैठकीतच थांबा म्हणावं. रोडवेजची बस चालवताना ट्रकला बाजूला व्हायला लावणारा हा माणूस म्हणतो, "दादाला? मी? माझी ड्यूटीची वेळ झाली." (त्या दिवशी सुट्टी होती.) भावजी तर माझ्याशी बोलतच नाहीत. जे सांगायचं ते म्हशीला सांगतात. "म्हशे, या घरात हल्ली सकाळी कसली आदळआपट असते गं?" म्हैस काय सांगणार, कपाळ?

आणि सगळ्यात जास्त कशाने पित्त खवळतं सांगू? मंजीतला बॉक्सर केलं कुणी? याच मांगेरामजींनी! पहाटे सायकलवर बसवून क्लबात नेत होते, पोरीने अर्धी चड्डी घातली म्हणून बोलणाऱ्या पंचायतीच्या पंचांशी भांडले, ती जिंकली तेव्हा गल्लीभर लाडू वाटले. पोरीचे गुडघे साऱ्या जिल्ह्याने पाहिले तरी चालतं, आणि माझं नाक दिसलं तर घर बुडतं!

असो. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपली,
बिरमती

ता. क. : भावजी जगात फक्त तुमचं ऐकतात. आठ दिवस या आणि त्यांना चांगलं खडसावा. एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं.

ता. क. २ : पाकीट फोडून लिहिते आहे. वरचं रद्द समजा, येऊ नका. परवा सकाळी ते खोकले आणि मी थांबलेच नाही. थकले होते, राग आला होता, चौथी फेरी अर्धी राहिली होती. तोंड उघडं, घाम गळतोय, आणि मी मारतेच आहे. मागे काहीच आवाज येईना. वाटलं, गेले असतील, आता संध्याकाळी पंचायत बसेल. इतक्यात भावजी बोलले. म्हशीशी नाही, माझ्याशी, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा: "उजवा हात खाली पडतोय. हनुवटी झाक." तेव्हापासून ते गप्पच बसलेले नाहीत! हुक्का उचलून कडुनिंबाखाली आणलाय. कंबर फिरव, टाच उचल, आळस करू नकोस, अजून एक फेरी, संध्याकाळी पुन्हा ये. माझी भाकरी मोजतात, चहातली साखर स्वतः चाखून बघतात. माझ्या अगदी नाकी नऊ आले आहेत. वन्सं, हात जोडते, काहीतरी निमित्त काढून त्यांना महिनाभर हिसारला घेऊन जा.

ता. क. ३ : महिना नको, आठच दिवस न्या. पंधरा तारखेला माझं रक्त तपासायचं आहे, यांची ड्यूटी आहे, आणि दवाखान्यात माझ्याबरोबर भावजी येतो म्हणालेत.